तिसऱ्या मजल्याचा अहवाल

टाळ्या वाजल्या तेव्हा तपासनिसाला आधी वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असणार. पिशवी अजून खांद्यावरच होती, आतली टॉर्च पाठीला टोचत होती, आणि फलकाजवळ उभे असलेले सातआठ जण त्याच्याकडेच बघून हसत होते. "या, या, पंडित आले," जोडणी विभागातला जाड्या म्हणाला आणि पोट आत घेऊन बाजूला सरकला. फलकावर तपासनिसाचा अहवाल लावलेला होता. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, वर सोनेरी कागदाचा तारा, आणि समासात ती ओळखीची हिरवी शाई: शंभरपैकी ब्याण्णव, सर्वांनी आदर्श घ्यावा. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. चोपन्नाव्या वर्षी कान गरम होण्याइतका आनंद झाला. लिफ्टांच्या कामात एकतीस वर्षं गेली, कपड्यांना ग्रीस लागलं, गुडघे गेले, आणि एवढ्या काळात त्याच्या कुठल्याच कागदाला कुणी साधी टाचणी लावली नव्हती. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, त्या इमारतीच्या व्यवस्थापकाचंसुद्धा पत्र आलंय. इतका सुंदर अहवाल आजवर वाचला नव्हता म्हणतात." तपासनीस म्हणाला, "म्हणजे दुरुस्ती झाली?" साहेब म्हणाले, "कसली दुरुस्ती?" "तिसऱ्या मजल्याच्या दाराची. तोवर लिफ्ट बंद ठेवलीय ना त्यांनी?" साहेब हसले. "बंद कशाला ठेवतील? मी कालच बायकोला घेऊन गेलो होतो तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात. मस्त चालतेय की लिफ्ट."

एवढंच झालं. बाकीचे आपापल्या टेबलांकडे गेले, कुणीतरी पेढे कधी म्हणून विचारलं, आणि तपासनीस फलकासमोर उभाच राहिला. त्यानं तारीख बघितली. अकरा दिवस. मग स्वतःचाच अहवाल परक्याचा असल्यासारखा वाचायला घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कुलपात म्हणे 'इंटरमिटंट अनॉमली' निदर्शनास आली आहे. तिचं 'रेक्टिफिकेशन' 'ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' केल्यास ते 'प्रूडंट' ठरेल. त्यानं दोनदा वाचलं. मग मनातल्या मनात घरच्या भाषेत करून बघितलं. कधीमधी जरा काहीतरी वेगळं होतं, सवड मिळेल तेव्हा बघितलंत तर शहाणपणाचं होईल. बस्स. हे त्यानं लिहिलं होतं. ज्या दाराबद्दल लिहिलं होतं ते दार त्यानं स्वतःच्या हातानं ओढलं होतं, आणि दहा वेळा ओढल्यावर तीन वेळा ते उघडलं होतं, लिफ्ट तिथं नसताना. आत काळोख, ग्रीसचा वास, आणि खाली तीन मजल्यांचा खड्डा. लिफ्टच्या धंद्यात याच्याहून वाईट दुसरं काही नाही. दोर तुटला तर पकडायला जबडे असतात, ब्रेक गेला तर दुसरा ब्रेक असतो. पण लिफ्ट नसताना दार उघडलं तर मधे काहीच नसतं, माणूस पाय टाकतो आणि जातो. शाळेतल्या पोरालाही समजेल अशी ही गोष्ट, आणि तिला आपण प्रूडंटमध्ये गुंडाळून दिलं! त्यानं पिशवी पुन्हा खांद्यावर नीट केली आणि कुणाला काही न सांगता जिना उतरायला लागला. मागून जाड्या ओरडला, "पेढे आणायला निघालात का?"

बसमध्ये उभं राहून त्यानं व्यवस्थापकाला फोन लावला. व्यवस्थापक खुशीत होता. "वा, वा, तुम्हीच का ते? काय भाषा आहे हो तुमची! मी कमिटीत वाचून दाखवला तुमचा अहवाल." तपासनीस म्हणाला, "लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा." व्यवस्थापक म्हणाला, "बंद? पण तुमच्या अहवालात तसं काही नाही." "मी आता सांगतोय ना. तिसऱ्या मजल्याचं दार लिफ्ट नसताना उघडतं. माणूस पडेल. गच्चीवरच्या खोलीत मेन स्विच आहे, तो पाडा." व्यवस्थापकाचा आवाज समजूतदार झाला, साहेब लोकांचा होतो तसा. "हे बघा, तुम्ही म्हटलंयत सवडीनं. आम्ही पुढच्या तिमाहीच्या कामात घेतलंय ते. आता अचानक बंद करायची तर कमिटीला उत्तर मीच देणार. तुम्ही असं करा, लेखी द्या." लेखी द्या! तपासनिसाला बसचा दांडा उपटून काढावासा वाटला. "निदान एक माणूस तरी उभा करा त्या दारापाशी. मी निघालोय, पोचतोच." "बघतो," असं म्हणून व्यवस्थापकानं फोन ठेवला. त्या बघतोचा अर्थ तपासनिसाला चांगला ठाऊक होता. दवाखान्याचा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्यानं पुन्हा व्यवस्थापकाला लावला; आता तो उचलत नव्हता.

आणि जागा कुठली, तर डोळ्यांचा दवाखाना. अकरा दिवसांत ही गोष्ट एकदाही मनात कशी आली नाही? आली होती. खरं तर त्याच दिवशी आली होती, दारापाशी गुडघ्यावर बसून कुलपाचा आकडा चाचपताना. समोरच्या बाकावर पाचसहा माणसं डोळे मिटून बसली होती. डोळ्यांत औषध घातलं की तासभर सगळं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, मग ती काळे चष्मे लावून भिंत धरत धरत बाहेर येतात आणि हाताला लागेल ती मूठ ओढतात. दाराला काचेची उभी पट्टी आहे, तिच्यातून आत लिफ्टचा दिवा दिसला तर दार ओढायचं, नाहीतर थांबायचं, अशी ती व्यवस्था. डोळसांसाठी केलेली. एका आजोबांनी तर त्यालाच विचारलं होतं, "लिफ्ट आली का हो?" आणि तो म्हणाला होता, "आता येईल, बसा." मग त्यानं आकड्याची स्प्रिंग पकडीनं जरा वाकवली, दार दहा वेळा ओढलं, दहाही वेळा ते बंद राहिलं, आणि त्यानं स्वतःची समजूत घातली की चला, तात्पुरतं झालं, बाकीचं अहवालात येईलच. पूर्वीचा तो असता तर गच्चीवर जाऊन स्विच पाडून, कुलूप लावून, किल्ली खिशात घालून घरी गेला असता. पण आता नवी पद्धत होती. तपासनिसानं फक्त नोंद करायची, निर्णय ग्राहकानं घ्यायचा. आणि नोंद करायची ती चांगल्या इंग्रजीत.

ही चांगल्या इंग्रजीची टूम मागच्या वर्षी निघाली. वरून फर्मान आलं की अहवाल फार गावठी वाटतात, मोठे ग्राहक हसतात, तेव्हा सगळ्यांनी 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' कमवायची. रोज दहा शब्द, शनिवारी परीक्षा, आणि प्रत्येक अहवाल तपासून त्याला गुण. साठाच्या वर सरासरी असेल तरच वरिष्ठ पद. शिकवायला एक बाई आली. नीटनेटकी, आवाज गोड, वय त्याच्या मुलीपेक्षा दोनचार वर्षांनी जास्त. तिचं नाव कुणी घेत नसे, सगळे तिला हिरवी शाई म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी फळ्यावर पंधरावीस शब्द लिहिले आणि त्यांच्यावर फुली मारली. बिग, बॅड, ब्रोकन, व्हेरी, डेंजर, स्टॉप. हे शब्द पहिलीतल्या मुलांचे, म्हणाली, तुम्ही व्यावसायिक माणसं, तुमच्या कागदात हे दिसता कामा नयेत. तेव्हा मागच्या रांगेतून कुणी हूं की चूं केलं नाही. एक तरी माणूस उठून म्हणायला हवा होता की बाई, आमच्या कामात स्टॉप हा शब्द लाल अक्षरात बटणावर कोरलेला असतो, तो तुम्ही खोडताय! कुणी म्हटलं नाही. तोही बसून होता, वहीत तीच यादी सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होता. तिच्यावर राग काढून काय होणार? तिला लिफ्ट म्हणजे काय ते कुठं माहीत होतं, ती बिचारी बटण दाबून वर जाणारी. राग काढायचा तर ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर काढा. काढतोय ना, तो स्वतःशीच म्हणाला, आणि बसमधल्या एका बाईनं वळून बघितलं.

पण शब्दांची त्याला खरंच गोडी लागली होती, हे कसं नाकारायचं? बाविसाव्या वर्षी एका मुलाखतीत, लांबलचक टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसून त्यानं एक प्रश्न ऐकला होता. प्रश्न इंग्रजीत होता आणि त्याला तो समजला होता, उत्तरही येत होतं, पण तोंडातून फक्त 'येस सर' निघालं, आणि टेबलाच्या त्या टोकाला बसलेला माणूस शेजारच्याकडे बघून किंचित हसला. ते हसणं तो बत्तीस वर्षं घेऊन हिंडत होता. लिफ्टच्या आरशात, मशीन रूमच्या काळोखात, कधीही ते समोर यायचं. म्हणून कार्डं लिहायला लागला तेव्हा नुसत्या बढतीसाठी लिहीत नव्हता. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं, पुढं शब्द, खाली अर्थ, मागची बाजू कोरी. दहा कार्डं शर्टाच्या खिशात, दहा आरशाच्या कडेला, दहा फ्रिजवर. दाढी करताना मिटिगेट, म्हणजे तीव्रता कमी करणं. चहा गाळताना मेटिक्युलस, म्हणजे बारीकसारीक तपशिलाची काळजी घेणारा. हा शब्द त्याला फार आवडला. वाटलं, आपल्याला एकतीस वर्षांनी आपलं नाव सापडलं. मुलगी कौतुकानं परीक्षा घ्यायची. बायको म्हणायची, "फ्रिज उघडायची सोय राहिली नाही या घरात. दुधाआधी तुमचे शब्द हातात येतात." तो म्हणायचा, "दूध नासतं, शब्द नासत नाहीत." फार हुशारीचं बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

बस सिग्नलला थांबली आणि हलेना. त्यानं चालकाला विचारलं, "दार उघडता का?" चालक म्हणाला, "स्टॉप आल्याशिवाय नाही उघडता येत, काका." बरोबर आहे. हेच तर. बसच्या दाराला अक्कल आहे, आणि आपण... त्याचं वाक्य मनातही पुरं झालं नाही. त्याला मिस्त्री आठवला. सुरुवातीची सात वर्षं तो मिस्त्रीच्या हाताखाली होता. मिस्त्रीच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. प्रत्येक मशीन रूममध्ये खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही असायची आणि काम करून जाणाऱ्यानं तिच्यात लिहायचं, पुढं येणाऱ्यासाठी. मिस्त्री शिकला होता चौथीपर्यंत. त्याच्या नोंदी चारचार शब्दांच्या. 'ब्रेक ओढतो. हात लावू नको.' 'वायर उघडी. डावीकडे उभा राहा.' एकदा तपासनिसानं, तेव्हा तो तपासनीस नव्हता, नुसता पोरगा होता, वहीत लिहिलं होतं की मोटरच्या बाजूस काही प्रमाणात अडचण जाणवते. मिस्त्रीनं ते वाचलं आणि वही त्याच्या छातीवर आपटली. "अडचण जाणवते? कुणाला जाणवते? तुझ्या आजीला? अरे गाढवा, वाचणाऱ्याचा हात मशीनमध्ये आहे असं समजून लिही." मग आपला तीन बोटांचा पंजा त्याच्या नाकासमोर धरला. बोटं कशी गेली ते तपासनिसानं कधी विचारलं नाही. कुणीतरी काहीतरी नीट लिहिलं नसणार, एवढं त्याला तेव्हा कळलं. मिस्त्री गेला त्याला आता बारा वर्षं होतील. बरं झालं गेला. फलकावरचा तारा बघायला राहिला नाही.

कच्चा अहवाल त्यानं त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला होता. पहिला मसुदा दोन ओळींचा होता. डेंजर. तिसऱ्या मजल्याचं दार लिफ्ट नसताना उघडतं. स्टॉप लिफ्ट. हात आपोआप चालला, एकतीस वर्षांच्या सवयीनं. लिहून झाल्यावर त्यानं ते बघितलं आणि आधीच्या अहवालावरचे एक्केचाळीस गुण आठवले, आणि समासातला शेरा, शब्दसंपत्ती तुटपुंजी. दोन ओळींत दोन शब्द फुलीवाले. मग त्यानं कार्डं पसरली. पत्ते लावत बसावं तसा बसला. डेंजरच्या जागी अनॉमली. उघडतंच्या जागी इंटरमिटंट. स्टॉपच्या जागी काय ते पटकन सापडेना, तेव्हा प्रूडंट सापडला आणि त्याला असं काही बरं वाटलं! आता बसमध्ये उभं राहून तो त्या बरं वाटण्याच्या मागं लागला, सोडेना. गुणांचं होतंच. पण नुसतं तेवढं नव्हतं. स्टॉप लिहिलं असतं तर व्यवस्थापकाचा दुसऱ्या दिवशी फोन आला असता, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं असतं, मोठा ग्राहक आहे, जरा सांभाळून घ्या म्हणाले असते, आणि त्याला पाय रोवून उभं राहावं लागलं असतं, पूर्वी राहायचा तसं. प्रूडंट लिहिलं आणि ते सगळं टळलं. सांगितल्याचं समाधान मिळालं आणि भांडण करावं लागलं नाही. हिरव्या शाईनं हे त्याला शिकवलं नव्हतं. हे त्याचं त्यानं शोधून काढलं होतं, आणि त्याची त्याला इतकी चीड आली की त्यानं खिशातली दहा कार्डं बाहेर काढून मुठीत चुरगाळायला घेतली. जाड कार्डं, चुरगाळेनात. परत खिशात घातली.

त्या संध्याकाळी बायकोला त्यानं अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला होता. ती शिवणाच्या यंत्रापाशी बसली होती, उशीचा अभ्रा शिवत. सगळं ऐकून घेतलं, दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "छान आहे. पण तिथं नेमकं झालंय काय?" तो चिडला. "तुला नाही कळायचं. तांत्रिक आहे." "बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, लिफ्ट वापरणाऱ्यांना कळायला हवं." मग यंत्र पुन्हा सुरू झालं. अख्ख्या जगात तो प्रश्न एकाच माणसानं विचारला होता आणि त्याला त्यानं तुला नाही कळायचं म्हणून गप्प केलं होतं! साहेबांनी विचारला नाही, कमिटीनं विचारला नाही, हिरव्या शाईनं ब्याण्णव दिले पण विचारला नाही. ते आठ गुण तरी कशाचे कापले असतील? त्याला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात बस थांबली, चालकानं आरशातून बघत म्हटलं, "काका, आला स्टॉप."

इमारतीच्या दारातूनच त्याला लिफ्ट दिसली. तळमजल्यावर उभी होती, दार उघडं ठेवून, दोन माणसं तिच्यात कागदांचे खोके रचत होती. सावकाश, गप्पा मारत. म्हणजे लिफ्ट इथं आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दारामागं काही नाही. पण लिफ्ट खाली उभी आहे म्हणजे वरची सगळी दारं कुलपात घट्ट असणार, असं कुणीही म्हणेल. तोही म्हणाला असता, त्यानं स्वतः दहातली तीन मोजली नसती तर. आणि आता अकरा दिवसांनी, वाकवलेली स्प्रिंग सैल झाल्यावर, दहातली किती? दारापाशी माणूस उभा करतो म्हणाला होता व्यवस्थापक, बघतो म्हणाला होता. तपासनीस खोकेवाल्यांना काही सांगत बसला नाही. जिन्याकडे पळाला. पहिला मजला त्यानं दोनदोन पायऱ्या घेत काढला. दुसऱ्याला उजवा गुडघा म्हणाला बास. तो कठडा ओढत वर गेला, पिशवी पाठीवर आपटत होती, तोंडात तांब्याच्या नाण्यासारखी चव आली, आणि डोक्यात कारण नसताना ते शब्द चालले होते, मिटिगेट, रेक्टिफाय, मेटिक्युलस, एकामागं एक, कुणी परीक्षा घेत असल्यासारखे. तिसऱ्या मजल्याचं वळण आलं. बाकावर चारपाच जण डोळे मिटून बसलेले. दारापाशी कुणी उभा नव्हता. म्हणजे उभी होती, एक म्हातारी बाई, काळा चष्मा, एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात लिफ्टच्या दाराच्या मुठीवर. काचेची पट्टी काळीकुट्ट होती. आणि दार बोटभर उघडलं होतं.

"थांबा!"

आवाज इतका मोठा निघाला की बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. बाई जागच्या जागी गोठली. तो तिच्यापर्यंत कसा पोचला ते त्याला कळलं नाही. त्याचा एक हात तिच्या दंडावर होता आणि दुसरा दारावर, आणि त्यानं दार दाबून धरलं होतं, सगळं अंग घालून. आतून तो गार, ग्रीसचा वास क्षणभर आला आणि बंद झाला. बाईनं चष्म्याआडून त्याच्याकडे तोंड वळवलं. दिसत तर काही नव्हतं, पण कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "अहो, केवढ्यानं ओरडता! काळीज हललं माझं. काय झालं?" त्याला दम लागला होता. "आजी, लिफ्ट नाहीये आत." "नाहीये? दार तर उघडलं." "उघडतं. बिघडलंय. आत खड्डा आहे. खाली तीन मजले." बाईनं मुठीवरचा हात काढला आणि पदराला पुसला. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, तिथं उभ्या असलेल्या कुणालाही विचारावं तसं, "मग हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

सांगितलं होतं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तारीख सांगता आली असती, अहवालाचा क्रमांक सांगता आला असता, गुणसुद्धा सांगता आले असते. त्याला एकदम ती लांबलचक टेबलाची मुलाखत आठवली, खुर्चीचा अर्धा भाग, प्रश्न समजलेला आणि तोंड बंद. "मला माहीत होतं, आजी," तो म्हणाला. "अकरा दिवस माहीत होतं. मी नाही सांगितलं." तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं. पण ती म्हणाली, "मला जरा बसवता का कुठंतरी?" त्यानं हाक मारली तशी दवाखान्यातली नर्स धावत आली आणि तिला बाकाकडे घेऊन गेली. त्यानं कमरेचा पट्टा काढला, दाराची मूठ आणि शेजारचा जिन्याचा कठडा एकत्र घेऊन करकचून बांधला. वर जाऊन स्विच पाडायचा होता. फोन वाजत होता, साहेबांचा असेल, किंवा लेखी मागणाऱ्याचा. वाजू दे. त्यानं खिशातलं एक कार्ड काढलं. पुढच्या बाजूला काय होतं ते बघितलंच नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर, कार्ड दारावर धरून, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि नर्सकडून चिकटपट्टी मागून काचेच्या पट्टीवर लावलं. मग पँट एका हातानं सावरत गच्चीचा जिना चढायला लागला.

चार पायऱ्या वर गेला असेल, खालून बाकावरच्या कुणीतरी विचारलं, "काय लिहिलंय हो त्यात? आम्हाला दिसत नाही." नर्स दारापाशी गेली असावी. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "दार ओढू नका. आत लिफ्ट नाही. पडाल, मराल." "बरं," एक म्हातारा आवाज म्हणाला, "मग मी जिन्यानं जातो." आणि काठी पायरीवर टेकल्याचा आवाज आला, मग खालच्या पायरीवर, मग त्याच्या खालच्या. तपासनीस तो आवाज पहिल्या वळणापर्यंत ऐकत उभा राहिला आणि मग स्विच पाडायला वर गेला.